टोचलेला तक्ता

नव्या बाईंनी तक्ता खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांचं डोकंच फिरलं. हृदयाच्या चित्रात भोकंच भोकं. टाचणीने पाडलेली, रेघेरेघेवर.

"बघा!" त्या चित्रकलेच्या सरांना म्हणाल्या. "दोन रविवार घातले मी यात. परत आला तो चाळणी होऊन."

शाळेत येऊन तीन वर्षं झाली तरी सगळे त्यांना नव्या बाईच म्हणत. तक्त्यांची खोली ही त्यांचीच कल्पना. प्रत्येकाने आपले तक्ते, नकाशे, चित्रं तिथे आणून ठेवायची, ज्याला लागतील त्याने न्यायची. आणणाऱ्या बहुतेक त्या एकट्याच, नेणारे मात्र सगळे. त्यातही विज्ञानाच्या थोरल्या सरांनी अगदी कहर केला होता.

चित्रकलेच्या सरांनी कागदावरून बोट फिरवलं. "मागून टोचलंय, पुढून खरखर लागते. लाल नळ्यांवर भोकं दाट, निळ्यांवर विरळ. कामात काही मेळ नाही."

"पण टोचायचं कशाला?"

"नक्कल करायला. फळ्यावर धरून वरून खडूची पूड चोळली की आयतं चित्र उमटतं. जुनी युक्ती आहे. आळशी माणसाची."

बाईंचा तिळपापड झाला. त्या तडक शिक्षकांच्या खोलीत गेल्या. थोरले सर नेहमीच्या खुर्चीत चहा पीत होते.

"सर, हे काय आहे?" बाईंनी तक्ता त्यांच्यापुढे नाचवला.

"आवाज चढलाय, बाई. काय झालं?"

"भोकं, सर! तुमच्या वर्गात गेलेला माझा एकही तक्ता धड परत येत नाही."

"वापरला की थोडी झीज व्हायचीच," सर शांतपणे म्हणाले. "मुलांना हृदय कळलं ना? मग झालं तर."

चूक कबूल करणं लांबच, वर हा उपदेश. बाईंनी तक्ता त्यांच्यापुढेच टाकला आणि मुख्याध्यापिकांचं दार गाठलं. पण मोठ्या बाईंनी वेगळंच काढलं.

"बरं झालं आलात. उद्या विश्वस्त येतायत. थोरल्या सरांचा तास बघतील. तक्त्यांचा उपयोग पटला तर तुमची खोली राहील. नाहीतर तिथे मोडकी बाकं रचायची म्हणतात."

"त्यांचाच तास का?"

"तक्त्यावर त्यांच्यासारखं कोण शिकवतं? एकदाही मागे वळत नाहीत. तोंड मुलांकडे आणि बोट बरोबर जागेवर. जरा शिकून घ्या."

बाई चरफडत बाहेर पडल्या. आपली खोली त्या माणसाच्या हातात, आणि विश्वस्तांपुढे लटकणार ती चाळणी! हे काही त्यांना बघवणार नव्हतं. घरी येताच त्यांनी कोरा कागद पसरला आणि रंग काढले.

"अगं, तेच काळीज किती वेळा काढशील?" सासूबाईंनी विचारलं.

"लोक भोकं पाडतात, आई. काय करू?"

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी बाईंनी वर्गातला जुना तक्ता उतरवला आणि त्याच खिळ्याला नवा लावला. तितकाच मोठा, तसाच, पण स्वच्छ आणि गुळगुळीत. जुन्याची गुंडाळी काखेत घेऊन त्या दाराशी उभ्या राहिल्या. कालपासून पहिल्यांदा त्यांना जरा बरं वाटलं.

विश्वस्त मागच्या बाकांवर बसले. थोरले सर आले. मुलांकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी हात मागे तक्त्यावर टेकवला.

"रक्त हृदयातून बाहेर पडतं ते..."

हात कागदावरून सरकत गेला. थांबला. कडेपर्यंत जाऊन परत आला. सर हसत होते, पण पुढे बोलत नव्हते. विश्वस्तांपैकी एकजण खाकरला. एवढा जीव ओतून तक्ता काढून दिला, तरी हा माणूस खोली घालवणारच!

पहिल्या बाकावरची मुलगी पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "सर, हा आम्ही टोचलेला नाहीये. बोट थोडं वर घ्या... अजून वर."