एकच हरकत

नगररचना कार्यालयातल्या त्या सुनावणीला इतकी शांतता होती, की भिंतीवरची पालसुद्धा परवानगी घेऊन चुकचुकत होती. खोटं वाटत असेल तर तिथल्या शिपायाला विचारा. राहत्या जागेचे चार प्लॉट पाडून विकायला निघालेले निवृत्त ओव्हरसियर नकाशाची गुंडाळी घट्ट धरून उभे होते. सगळे शिक्के पडले होते. फक्त एक हरकत आली होती आणि ती टिकली, तर नकाशा नामंजूर होणार होता.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं, “नकाशातला सहा मीटरचा रस्ता स्वयंपाकघरावरून जातो. ते पाडू नये.”

ओव्हरसियर उसळले. “साहेब, घर माझं, स्वयंपाकघर माझं! मी ते पाडीन नाहीतर त्यात नाचेन, शेजाऱ्यांच्या पोटात का दुखतंय?”

“हरकत शेजाऱ्यांची नाही,” साहेब म्हणाले. “हरकतदार, उभे राहा.”

मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. ओव्हरसियरांच्या हातून गुंडाळी सुटली आणि नकाशा उलगडत थेट दाराबाहेर जिन्यापर्यंत गेला.

“अगं, तू? हे घरी बोलायचं होतंस ना!”

“घरी एकतीस वर्षं बोलतेय,” त्यांची बायको पदर सावरत म्हणाली. “इथे म्हणे महिन्याभरात लेखी उत्तर द्यावंच लागतं.”