दुरुस्त करून परत पाठवलेलं मशीन

त्या माणसानं पिशवीतून शिलाई मशीन काढून काउंटरवर ठेवलं आणि वहिनीनं ते लगेच ओळखलं. हातचाकाजवळचा निळा रंग खरवडून खालचा गंज तिनंच काढला होता.

"हे तुम्हीच दुरुस्त केलंय ना?" त्यानं विचारलं. "तळाला दुकानाचं लेबल दिसलं. त्यावरून शोधत आलो."

"आलात, बरं केलंत," वहिनी म्हणाली. "बसा."

कोपऱ्यात बॉबिनी भरत बसलेल्या नणंदेनं हात थांबवला. "हेच का ते महाशय?"

मशीन नणंदेसाठीच घेतलेलं होतं. तिला घरी शिवणकाम सुरू करायचं होतं. साठवलेलं सगळं तिनं वहिनीच्या हवाली केलं, कारण गल्लीभराची मशीनं वहिनीच दुरुस्त करायची. वहिनीनं ऑनलाइन जाहिरात पाहिली, विचार केला आणि मागवलं. कोरं, पेटीबंद, असं लिहिलं होतं. आलं ते जुनं, वरून रंग फासलेलं. चाकसुद्धा फिरेना. विक्रेत्यानं कळवलं, आधी मशीन परत पाठवा, मग पैसे.

इथं वहिनीनं जे केलं, ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. बंद मशीन आपल्या दुकानातून बंदच बाहेर जाणार, हे तिला सोसेना. तिनं ते उघडलं, शटल बदललं, टाका एकसारखा पडेपर्यंत मान वर केली नाही. सवयीनं तळाला लेबलही चिकटवलं, आणि मग परत पाठवलं.

उत्तर आलं: मशीन उत्तम चालतंय, तुमची तक्रार खोटी आहे, पैसे मिळणार नाहीत.

नातेवाइकांत हसं झालं. नणंद मात्र एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच वहिनीला जास्त लागलं. "तुझे पैसे मी आणून देईन," एवढंच ती म्हणाली होती. तेव्हापासून रोज सकाळी देवापुढे दिवा लावला की ती विक्रेत्याला निरोप पाठवी. त्यात वाकडा शब्द नसे. दिवस मावळेपर्यंत कोणाला टोचून बोलायचं नाही, हा तिचा नेमच होता. काल मात्र तिनं लिहिलं होतं, आता ग्राहक मंचात जाते.

आणि आज माणूस दुकानात हजर.

"मी फक्त विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "माझ्या बायकोला हे मशीन फारच आवडलंय. टाका इतका सुरेख पडतो की..."

"ऐक वहिनी. लोकांना बुडवायचं आणि मशीन घरच्या घरी वापरायचं."

माणूस गोंधळला. "बुडवायचं म्हणजे?"

"थांब गं," वहिनी म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. जाहिरात, फासलेला रंग, अडकलेलं चाक, दुरुस्ती, सगळं तिनं आवाज न चढवता सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्याची नजर मशीनवरून हलत नव्हती.

"म्हणजे इतकं करून तुम्हाला पैसे परत मिळालेच नाहीत?"

"वा," नणंद म्हणाली. "किती भोळेपणानं विचारतायत."

"ताई, मी तो..."

"तुम्ही कोण ते आम्हाला पुरतं कळलंय. हिनं दिलेला शब्द आहे मला. धड जेवत नाही ही. ताटावर बसते आणि मोबाइल बघते."

माणसानं वहिनीकडे पाहिलं. पुढं काहीतरी म्हणायचं होतं, ते त्यानं गिळलं.

"किती दिले होते तुम्ही?"

वहिनीनं आकडा सांगितला.

"एवढे आत्ता खिशात नाहीत. बँकेतून काढून आणतो. मशीन इथंच राहू दे."

तो गेला. "आता कसला येतोय," नणंद म्हणाली. "मशीन टाकून सुटला बघ."

"येईल," वहिनी म्हणाली. "मान खाली घालून ऐकत होता. असा माणूस येतो."

तो आला. नोटा काउंटरवर ठेवून म्हणाला, "मोजून घ्या." आणि मग जरा अडखळत, "आता हे मशीन मी नेलं तर चालेल ना? तुमच्या मनात काही राहणार नाही?"

"तुमचंच आहे की. न्या." वहिनीनं उठून चाकात तेलाचे थेंब सोडले, एका चिंधीवर टाका घालून पाहिला आणि मशीन स्वतःच्या हातानं पिशवीत ठेवलं. "एक सांगू? राग मानू नका. पुन्हा कोणाला असं फसवू नका."

माणसानं मान डोलावली. "नाही फसवणार, ताई," तो म्हणाला आणि पिशवी उचलून पायऱ्या उतरला.

वहिनीनं नोटा नणंदेच्या हातात ठेवल्या. नणंदेनं त्या न मोजताच ओच्यात घेतल्या आणि तिथूनच नवऱ्याला, मावशीला, हसलेल्या एकेका नातेवाइकाला फोन लावले. "आवाज चढवला नाही हो हिनं. बसा म्हणाली, सगळं सांगितलं, आणि त्यानं पैसे काढून दिले. आहे कोणाची अशी वहिनी?"

वहिनी काउंटर पुसत होती. एरवी स्वतःचं कौतुक ऐकलं की ती आत निघून जायची. आज ती तिथंच उभी राहिली आणि पुसलेला काउंटर पुन्हा पुसू लागली.

तिचा मोबाइल वाजला. हात तेलकट होते, म्हणून नणंदेनंच तो उचलला आणि त्याच ठसक्यात मोठ्यानं वाचायला लागली.

"मॅडम, मंचात जा नाहीतर आणखी कुठे जा. तुमचं मशीन चालू होतं, म्हणून आम्ही ते गेल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाला विकून टाकलं. पैसे विसरा."