आठ मोसमांचं गवत

शिरीषने दोरी तिसऱ्यांदा ओढली तेव्हा कुठे गवत कापायचं मशीन सुरू झालं. गवत हरीशचं होतं. मशीन शिरीषचं. शिरीष ओटाहुहू उपनगरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता, आणि तिथे हिरवं म्हणावं असं एकच होतं, बाल्कनीतल्या कुंडीतला कढीपत्ता.

"लॉनमोअर घेऊन ठेवलाय, आता घर बघतोय," असं त्याची बायको सुलेखा पाहुण्यांना सांगायची.

आज तीही पुकेकोहेला हरीशकडे आली होती, पण गवतासाठी नाही. हरीशच्या शेजारचं घर विकायला निघालं होतं. तीन खोल्या, मागे लिंबाचं झाड, झेपेल अशी किंमत. थोड्या वेळात एजंट येणार होता. याच गल्लीतली दोन घरं शिरीषने आधी नाकारली होती. दोन्हींत त्याला ओल सापडली होती. खरी ओल वेगळीच होती. हरीश जिंकत असताना त्याच्या शेजारी राहायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

"या खेपेला नाही म्हणालास, तर मी एकटी येईन राहायला," सुलेखाने गाडीतच सांगून टाकलं होतं.

सुरुवात २०११ साली झाली. दोघे पुण्याहून परदेशी शिकायला आलेले, ओटाहुहूच्या एकाच फ्लॅटमध्ये राहणारे. रग्बीचा वर्ल्ड कप चालू होता, अख्खा देश काळे कपडे घालून ओरडत होता, म्हणून या दोघांनी फुटबॉल धरला. पुणेकर गर्दीत शिरतो तो उलट्या दिशेनेच. फ्लॅटमागचं गवत कोणी कापायचं यावरून तेव्हा रोज वाद व्हायचा. शेवटी ठरलं, की इटालियन लीगमधली एकेक टीम घ्यायची. मोसम संपल्यावर ज्याची टीम खाली, त्याने गवत कापायचं. पहिली निवड शिरीषची होती. त्याने आदल्या मोसमाचा तक्ता नीट अभ्यासला, पहिली आलेली मिलान स्वतःला घेतली आणि सातवी आलेली युव्हेंटस मोठ्या मनाने हरीशला दिली.

"हीपण चांगली आहे रे. जुनी टीम आहे," असंही वर म्हणाला.

युव्हेंटस पहिली आली. पुढच्या वर्षी पहिली आली. मग तिला ती सवयच लागली. मिलान दुसरी, तिसरी, आठवी, दहावी अशी जिना उतरत गेली. आठवीच्या वर्षी हरीशचं लग्न झालं. दहावीच्या वर्षी त्याने पुकेकोहेचं घर घेतलं. सातवीच्या वर्षी तो मॅनेजर झाला. मित्राचं चरित्र शिरीषच्या डोक्यात याच क्रमाने लावलेलं होतं.

लग्न झाल्यावर हरीशने "जाऊ दे रे ती पैज" म्हणून पाहिलं होतं. शिरीषला दया नको होती. तो दर वर्षी जूनमधल्या क्वीन्स बर्थडेच्या सुट्टीला, सोमवारी, मशीन डिकीत घालून यायचा, तोंडातून अवाक्षर न काढता गवत कापायचा आणि चहा पिऊन निघून जायचा.

हरीशने एकदा तरी मिरवलं असतं, तर हे सगळं सोसलं असतं. पण नाही. फ्लॅटमध्ये असताना शिरीष सोमवारी पहाटे डोळे ताणून मॅच बघायचा आणि हरीश आत घोरत असायचा. जिंकणाऱ्याला जागावं लागत नाही! गेल्या वर्षी युव्हेंटसने जगातला सगळ्यात गाजलेला खेळाडू विकत घेतला, तेव्हा शिरीष आठवडाभर हरीशच्या फोनची वाट बघत होता. फोन आला. हरीश छपराच्या पन्हळीबद्दल बोलला. एवढा माज, की उल्लेखसुद्धा नाही. आणि दर जूनमध्ये चहाचा कप हातात देताना एकच वाक्य: "खेळ आहे रे, चालायचंच."

यंदा मिलान पाचवी आली होती. चौथा नंबर एका गुणाने हुकला होता. पहिली कोण आली, हे सांगायची गरज नव्हती.

अर्धं आवार कापून झालं होतं. कुंपणापलीकडून सुलेखाने हाक मारली.

"शिरीष, एजंट आलाय. काय सांगू?"

शिरीषने मशीन बंद केलं. हरीश पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत चहा घेऊन येतच होता.

"हरीश, एक मागतो. नाही म्हणू नकोस."

"बोल ना."

"अदलाबदल करू. मिलान तुला, युव्हेंटस मला. तेवढं कर, मग आम्ही शेजारी राहायला येतो."

हे बोलायला त्याला आठ मोसम लागले होते. कान लाल झाले होते.

"घे की," हरीश म्हणाला. "बिस्किट देऊ?"

शिरीषच्या अंगाचा तिळपापड झाला. "घे की? अरे, सलग आठ वेळा पहिली आलेली टीम, आणि नुसतं घे की?"

हरीशने कपबशी खाली गवतावर ठेवली.

"आठ?" हरीश म्हणाला. "म्हणजे सगळ्याच वेळा पहिली?"

"तुला माहीत नाही?"

हरीशने अर्ध्या कापलेल्या गवताकडे पाहिलं, मग मशीनकडे.

"खरं सांगू? मी एकही मॅच बघितली नाही रे. जून आला आणि तू हे मशीन घेऊन दारात दिसलास, की कळायचं, आपण जिंकलो."