खुंटीवरचं केशरी जॅकेट

आमच्याकडे ऑन्टॅरिओत तळ्याकाठची कॉटेज विकली जाते ती चमच्यांपासून होडीपर्यंत सगळ्या सामानासकट. वीस वर्षं घरांची दलाली करतेय, सामानाची यादी मीच करते. कॉटेज विकायला काढलेल्या आयरीनबाईंच्या व्हरांड्यातली चार लाइफ जॅकेटंही मी यादीत लिहिली. त्यातलं सगळ्यात छोटं, केशरी, तेवढं ओलं होतं.

थंडीत पाणी गोठू नये म्हणून ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगलाच पंप बंद करून नळ रिकामे केले होते. छप्पर कुठे गळत नव्हतं. मी ते जॅकेट शेगडीपाशी वाळवलं, पट्टे सोडून खुंटीला अडकवलं आणि कुलूप लावून निघाले.

आठवड्याने गिऱ्हाईक घेऊन गेले, तर त्या जॅकेटाखाली पाणी साचलेलं. गिऱ्हाइकाची बायको हसली. "या थंडीत कोण पोहतंय हो?"

मी आयरीनबाईंना फोन केला. "ते छोटं जॅकेट तुम्ही येऊन धुतलंत का?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"कॉलीन, आमची लेक सिल्वी तळ्यात बुडाली ना, त्या दिवशी ते खुंटीवर कोरडंच होतं गं. मीच म्हणाले, राहू दे, पाच मिनिटांत तर येतेस."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतः कॉटेजवर आल्या, मी कुलूप उघडलं. जॅकेटातून पाणी ठिबकत होतं. मी सोडलेले पट्टे आता एकूण एक लावलेले होते.

बाईंनी एकेक पट्टा सोडला, आत हात घातला आणि तसाच राहू दिला.

"कॉलीन," त्या हळूच म्हणाल्या, "आतून गरम आहे गं."