सिनानचं पहिलं मशीन

"हा पॉवर सप्लाय नको," मुहन्नद म्हणाला. "याहून दणकट दाखवा."

दुकानदार अबू तैसीरने खोकं पुन्हा फळीवर ठेवलं. "उस्ताद, एवढ्या मशीनला हा पुष्कळ झाला."

"सरकारी वीज जाऊन जनरेटरची येते ना, तेव्हा आमच्या गल्लीतले दिवेसुद्धा दचकतात. दणकट दाखवा."

सिनान काउंटरला टेकून उभा होता. बगदादच्या सिनाआ रस्त्यावरच्या या कॉम्प्युटरच्या दुकानांच्या काचांना नाक लावण्यात त्याची वर्षं गेली होती. आज थोरला भाऊ मुहन्नद आपणहून त्याला घेऊन आला होता.

पण शनिवारी सिनान देश सोडणार होता. त्याचा मित्र गजवान आणि तो. इस्तंबूलपर्यंत विमानाने, पुढे जमेल तसं. व्हिसा लागला होता आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. वडील वारल्यावर मुहन्नदने कॉलेज सोडून टॅक्सी धरली होती. आईची नजर जवळजवळ गेली होती, तिला एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. दोघांपैकी एकाने घरी राहायलाच हवं होतं आणि तो एक म्हणजे मुहन्नद, हे सिनानने केव्हाच गृहीत धरलं होतं.

"आता ग्राफिक्स कार्ड," अबू तैसीर उत्साहाने म्हणाला. "हे घ्या. कुठलाही खेळ टाका, लोण्यासारखा चालेल."

कार्ड बघून सिनानचा हात आपोआप पुढे झाला. मुहन्नदने ते उचललं, उलटंसुलटं केलं आणि खाली ठेवलं.

"याच्या खालचं द्या. उरतील त्यात रॅम दुप्पट करा. लग्नाचे लांबलचक व्हिडिओ एडिट करताना मशीन धापा टाकायला नको."

"दादा, मी कुठे लग्नं एडिट करतो?"

"करशील. आणि खेळशीलही, कोण नाही म्हणतंय? पण खेळून भाकरी मिळत नाही, गाढवा."

अबू तैसीर हसला. सिनानला हसू आलं नाही. हे सगळं दादा कधी शिकला? कुठला प्रोसेसर कुठल्या मदरबोर्डवर बसतो, उन्हाळ्यात कॅबिनेटला किती पंखे लागतात, सगळं त्याला तोंडपाठ होतं.

"दादा, साधंच घेऊ," तो हळूच म्हणाला. "एवढं कशाला? टॅक्सी कुठेय तुझी? आज मिनीबसने का आलो आपण?"

"विकली. पाठ गेली माझी तिच्यापायी."

सिनानला ते पटलं नाही. माझ्यासाठी विकली, आणि वर पाठीचं निमित्त सांगतोय.

"गजवान दिसत नाही हल्ली," पंख्याचं खोकं निरखत मुहन्नद म्हणाला. "काय चाललंय त्याचं?"

"काही नाही. असतो इथेच."

"हं. पोरं जातात एकेक करून. माणसाचं मन घरात रमायला हवं, म्हणजे झालं. अबू तैसीर, कमी आवाजाचे पंखे द्या. आई शेजारच्याच खोलीत झोपते."

म्हणजे याला संशय आलाय. हे मशीन नव्हे, दावं आहे. मला खुंट्याला बांधायला निघालाय.

कोपऱ्यावर दोघांनी आंब्याचं लोणचं घातलेलं फलाफल खाल्लं. सिनानच्या खिशातला फोन थरथरला. गजवान असणार. त्याने तो बंद केला.

घरी मुहन्नदने दिवाणखान्यातल्या सतरंजीवर खोकी मांडली आणि स्वतः भिंतीला टेकून बसला.

"तू लाव."

"तू धर तरी."

"मी हात लावणार नाही. बिघडलं तर तुलाच उघडता यायला हवं."

सिनानने स्क्रू आवळले, तारा ओवल्या. आई दाराशी स्टूल घेऊन बसली होती. दर खुटखुटीला विचारायची, "आता काय लावलं रे?" तो सांगायचा. ती मान डोलवायची.

शेवटी त्याने बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं, तरी काळाच. सिनानला दरदरून घाम फुटला. दादाची टॅक्सी गेली ती गेलीच, आणि हेही मेलं की काय?

"घाई नको करू," मुहन्नद म्हणाला. त्याचाही आवाज ताणलेला होता. "एकेक काढून बघ."

रॅमची एक पट्टी अर्धवट बसली होती. सिनानने अंगठ्याने दाबली, तशी ती कट्कन बसली. पडद्यावर अक्षरं उमटली.

"झालं, आई! चालू झालं!"

आईने जीभ नाचवून असा काही लग्नातला आनंदाचा सूर काढला की शेजारीण खिडकीत आली. मग भिंत चाचपत ती चहा टाकायला गेली. मुहन्नदने उठून खोलीचं दार लोटून घेतलं.

त्याचे डोळे भरून आलेले सिनानला दिसले आणि त्याचा धीर सुटला. आता लपवणं म्हणजे पाप. फार तर थोबाडीत देईल. देऊ दे.

"दादा, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"आधी माझं ऐक. नाहीतर माझ्याच्याने पुन्हा बोलवणार नाही." मुहन्नद त्याच्यासमोर मांडी घालून बसला. "करादा भागातल्या दोन स्टुडिओवाल्यांशी बोललोय. लग्नाचे व्हिडिओ तेच घरी पोचवतील. तुला बाहेर पडायला नको, आईपाशी बसूनच काम होईल. बेताने राहिलात तर दोघांचं भागेल."

"दोघांचं?"

"मी उद्या पहाटे इस्तंबूलला चाललोय, सिनान. आईला तेवढं तू सांग."