पाणबुडीतली ठकठक

युद्धात बुडालेल्या पाणबुडीतली माणसं तळाशी सहा दिवस जिवंत होती, एवढं एकच वाक्य आरमाराच्या इतिहासात यावं म्हणून म्हातारा पाणबुड्या इतिहास समितीचे उंबरठे झिजवत होता.

"साहेब, सहाव्या दिवशी मी खाली जाऊन बाहेरून हातोडीने तीनदा ठोकलं, तर आतून तीनदा उत्तर आलं. माझा सख्खा भाऊ होता हो आत!"

"मासा आपटला असेल, आजोबा," अध्यक्ष म्हणाले.

"मोजून तीनदा? शाळेत जात होता का मासा?"

समिती पोटभर हसली आणि कसून चौकशीला लागली. वर्षभराने निकाल घरपोच आला.


"हकिकत संशयास्पद. दोन स्मरणपत्रं पाठवूनही आत अडकलेल्यांपैकी एकही जण जबाब द्यायला हजर राहिला नाही."