स्टुलावरचं राष्ट्रगीत

वडिलांचा लाकडी रेडिओ माळ्यावरून खाली आला आणि दोघा म्हाताऱ्या भावांचं जुनं भांडणही सोबत उतरलं. स्वातंत्र्यदिनाची सकाळ होती, लाल किल्ल्यावरून राष्ट्रगीत लागणार होतं, म्हणून बटण पिरगाळताच माजी सैनिक दादा ताठ उभा राहिला. “तूही ऊठ!” नळदुरुस्ती करणारा धाकटा ढिम्म हलला नाही. “लोकांचे गळके नळ बंद करतो ना? तीच माझी देशभक्ती.” रेडिओ नुसताच खरखरला. लहानपणी एरियलची तार धरायचं काम धाकट्याचंच, त्याला राहवेना. स्टुलावर चढून त्यानं तार उंच धरली आणि राष्ट्रगीत खणखणीत घुमलं. दादा मिशीतल्या मिशीत हसला. तेवढ्यात स्टूल डगमगलं. दादानं झेप घेऊन भावाचे पाय कवटाळले. राष्ट्रगीत संपताच धाकटा वरूनच ओरडला, “दादा, तू चक्क हललास!” “मग काय करू?” दादा पाय न सोडता गुरकावला. “देशाचा नागरिक पडत होता!”